सहा ते सात, घरीच

सोमवार, ता. १४ ऑक्टोबर. जाग ५.२० ला. रात्री वारा होता, आता शांत. दुधाची एक बाटली गळकी निघाली, परत केली. भिंगरी ५.५५ पासून वरच्या खोलीत स्टँडवरच्या सायकलवर, घरघर ७.०५ पर्यंत. ६.१० ला दारात तपकिरी कोटातली, मोठी बॅग घेतलेली विक्रेती. भिंगरी बाहेरगावी गेली आहे असे सांगून परत पाठवले. त्यानंतर तिने पाच वेळा घंटा वाजवली. दार उघडले नाही. चिकाटी वाखाणण्याजोगी. दुपारी उशांच्या खोळी धुतल्या. एक बटण हरवले.

ही नोंद जशीच्या तशी उतरवली आहे, कारण पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिच्यातच आहे. शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, डायरीत झालं ते लिहा, वाटलं ते देवाला सांगा. त्या शिस्तीने मी पंचावन्न वर्षं लिहीत आले. त्यामुळे त्या सकाळी मी खोटं बोलले याचा पुरावा माझ्याच अक्षरात, तारखेसकट, माझ्याच कपाटात आहे.

भिंगरी ही माझ्या नणंदेची मुलगी. वय चौतीस. हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलं, कारण पाळण्यातही ती पाय हलवल्याशिवाय राहत नसे. हे गेले त्या वर्षी ती माझ्याकडे वरच्या मजल्यावर राहायला आली. सोबत म्हणून आली असं वन्सं सांगतात. खरं कारण असं की आमच्या घरापासून नदीकाठचा रस्ता जवळ आहे आणि तिच्या घरापासून एक गल्ली लांब. दारावर दोघींच्या नावाची पाटी लागली, न्हाणीघरात सायकल धुतली जाऊ लागली, आणि एकदा माझा नवा कोरा टूथब्रश साखळी घासण्याच्या कामी आला. तो कामी आल्यावर मला कळलं, त्याआधी नाही. म्हणजे मधल्या काळात मी त्याने दात घासले होते.

तिच्या वडिलांचं औषधांचं दुकान आहे, आमच्या मागच्याच गल्लीत, आणि वर घर. भिंगरी तेरा वर्षांची असताना त्यांनी तिला दुकानातल्या काळ्या सायकलवर बसवलं. पुरुषांची, दांड्याची, मागे लोखंडी कॅरिअर असलेली ती अवजड सायकल. म्हाताऱ्या माणसांच्या घरी गोळ्या पोचवायच्या, एवढंच काम. पण लोक सांगायचे की औषध मागवायला फोन करून खुर्चीत टेकावं तोच पोरगी दारात हजर. एका आजोबांनी तक्रार केली, "इतक्या लवकर आणत जाऊ नका, मला वाटतं माझी तब्येत फारच बिघडलीय."

सतराव्या वर्षी तिने पहिली शर्यत मारली, तीही त्याच सायकलवर. बाकीच्या पोरींकडे पातळ चाकांच्या हलक्या सायकली होत्या. भिंगरी पहिली आली. बक्षीस देणाऱ्यांनी मुलींचा विचारच केला नव्हता, त्यामुळे तिला दाढीचं सामान मिळालं: ब्रश, साबण, वस्तरा आणि गोल आरसा. तो ब्रश तिचे वडील आजतागायत वापरतात. "पोरीने कमावलेला आहे," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. तेव्हा कोणाला माहीत, की भिंगरीच्या आयुष्यातला तो पहिला आणि शेवटचा पहिला नंबर ठरणार आहे.

पुढे ती व्यावसायिक संघात गेली. अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत एकही शर्यत जिंकली नाही, आणि तरी दर वर्षी संघ तिला ठेवून घेतो. हे गणित मला सुटेना, तेव्हा तिने ते एकदा जेवणाच्या टेबलावर मांडून दाखवलं.

"हे बघ मामी, ही मिठाची बाटली म्हणजे आमची कर्णधार."

"आणि तू?"

"मी ही काड्यापेटी. मिठाच्या पुढे चालायचं. समोरून वारा येतो तो मी खायचा, मीठ माझ्या मागे आरामात येतं. शंभर किलोमीटर."

"आणि मग?"

"मग शेवटचे चार किलोमीटर राहिले की मीठ माझ्या बाजूने पुढे निघून जातं."

"आणि काड्यापेटी?"

"काड्यापेटी संपलेली असते. ती मागून सावकाश येते."

हे काम करणाऱ्याला संघात 'पाणक्या' म्हणतात. मागून येणाऱ्या गाडीकडे जायचं, सात बाटल्या घ्यायच्या, तीन पाठीच्या खिशांत, दोन सायकलला, दोन सदऱ्याच्या आत पोटाशी, आणि पुन्हा जीव तोडून घोळका गाठून सगळ्यांना पाणी वाटायचं. कर्णधाराचं चाक पंक्चर झालं की आपलं काढून द्यायचं आणि रस्त्याच्या कडेला गाडीची वाट बघत उभं राहायचं. कर्णधार तिच्याहून दहा वर्षांनी लहान, कानामागून आली आणि तिखट झाली अशातली. गाडीत बसलेले प्रशिक्षक कानातल्या यंत्रातून यांना सांगत असतात, "जोर लाव, जोर लाव." उंटावरून शेळ्या हाकायला त्यांचं काय जातं! भिंगरीने या नोकरीत दोनदा खांद्याचं हाड मोडून घेतलं. दोन्ही वेळा संघ जिंकला होता म्हणून ती खुशीत घरी आली.

हे सगळं मला पटलं. तिच्या वडिलांपुढे मात्र पालथ्या घड्यावर पाणी. शर्यत झाली की संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. भिंगरी तो टेबलावर ठेवून बोलायची, म्हणून मला पाठ आहे.

"कितवी?"

"त्र्याऐंशीवी."

"एकूण किती?"

"एकशे एक्केचाळीस."

"हं."

की फोन बंद. अकरा वर्षं हाच संवाद, फक्त आकडे बदलायचे.

त्यांचं आणखी एक दुःख होतं. खेळाडूंना कोणती औषधं चालत नाहीत याची जाडजूड यादी असते. भिंगरीला खोकला झाला की मीठ-पाण्याच्या गुळण्या, ताप आला की कपाळावर ओली पट्टी. "चाळीस वर्षं गावाला औषधं देतोय," ते म्हणायचे, "आणि पोटच्या पोरीला एक गोळी द्यायची चोरी!" वन्संनी एकदा तिच्या गुडघ्याला लावायला मलमाची डबी आणली, तर भिंगरीने ती यादी वाचत अर्धा तास घालवला. तोवर गुडघा दुखायचा थांबला.

आता चौदा ऑक्टोबरकडे येते.

यादीतलं काही कोणी घेत नाही ना हे बघायला तपासणीची माणसं येतात. आधी न कळवता, केव्हाही. त्यासाठी खेळाडूने तीन-तीन महिन्यांचा ठावठिकाणा आधी लिहून द्यायचा. रोज कुठे झोपणार, आणि रोजचा एक तास असा, की त्या वेळी त्या पत्त्यावर मी हटकून सापडेन. भिंगरीने तास दिला होता सकाळी सहा ते सात. बारा महिन्यांत तीन वेळा सापडली नाही, तर दोन वर्षं शर्यतबंदी.

भिंगरी रस्त्यावर जितकी हुशार, घरात तितकीच विसराळू. दोन जूनला वन्संना ताप होता म्हणून ती आईकडे झोपली आणि ठावठिकाणा बदलायचं विसरली. तपासणीवाले आमच्या दारी आले, मी त्यांना आत बसवलं, बिस्किटं दिली, पण भिंगरी काही बिस्किटांच्या डब्यात नव्हती. झाली एक चूक.

दुसऱ्या चुकीचं पत्र ऑक्टोबरच्या अखेरीला आलं. भिंगरी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचत होती.

"'सहा दहाला प्रथम घंटा वाजवली. दार उघडणाऱ्या वृद्ध महिलेने खेळाडू बाहेरगावी असल्याचे सांगितले.' मामी, ही वृद्ध महिला कोण?"

मी बटाटे सोलत होते. सोलतच राहिले.

"मामी!"

"जूनमध्ये आलेली माणसं वेगळी होती. मला वाटलं विकायला आलीय. आदल्या आठवड्यात ती झाडणीचं यंत्र विकणारी नव्हती का आली, पाटीवरचं नाव वाचून तुलाच विचारत होती. तीन तास बसली होती."

"सकाळी सहा वाजता विकायला कोण येतं?"

"सकाळी सहा वाजता लघवी मागायला तरी कोण येतं?"

भिंगरी खाली बसली. हसेल असं मला वाटलं होतं. हसली नाही.

"दोन झाल्या," ती म्हणाली. "पुढच्या एक जूनपर्यंत आणखी एक झाली, की संपलं."

संपलं म्हणजे काय ते तिने सांगायची गरज नव्हती. संघाने तिला आणखी एकच हंगाम द्यायचं कबूल केलं होतं. सात जूनपासून वर्षातली मोठी शर्यत होती, सहा दिवसांची. ती पुरी करायची आणि सायकल टांगून ठेवायची, असं तिचं ठरलं होतं. छत्तिसाव्या वर्षी बंदी उठून कोण परत घेणार? पण ते एक वेळ चाललं असतं. लोक काय म्हणाले असते? चुकवत होती, म्हणजे घेत होती. आणि बापाचं दुकान औषधांचं. दोन आणि दोन चार करायला लोकांना कितीसा वेळ लागतो?

"पण तू जिंकली तर कधीच नाहीस," मी म्हटलं. "न जिंकण्यासाठी कोण औषध घेतं?"

"तेच त्यांना सांगून बघू," भिंगरी म्हणाली, आणि तेव्हा मात्र थोडीशी हसली.

मी तपासणीच्या कचेरीला पत्र लिहिलं. डायरीच्या पानाची प्रत जोडली. घरघर ५.५५ ते ७.०५ या शब्दांखाली पट्टीने रेघ मारली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरघरीच्या पुढच्याच ओळीत माझं खोटं स्वच्छ अक्षरात होतं. उत्तर आलं की दार कोण उघडतं आणि काय सांगतं याची जबाबदारी खेळाडूची, चूक कायम. खाली कोणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'अक्षर सुंदर आहे.'

त्या दिवसापासून पहाटे पावणेसहाला मी शाल घेऊन दाराशी खुर्चीवर. घंटा वाजली की आधी दार उघडायचं, मग माणूस बघायचा. पेपरवाल्याला मी आत ओढलं. मीटर वाचणाऱ्याला भिंगरीसमोर नेऊन उभं केलं. नोव्हेंबरात ती झाडणीचं यंत्र विकणारी खरंच पुन्हा आली, नऊ वाजता. मी तिला "या, या, तुमचीच वाट बघतोय," म्हणून बसवलं आणि भिंगरीला हाक मारली. बिचारीला तिच्या आयुष्यात असं स्वागत कुठे मिळालं नसावं. तिने घरातले सगळे गालिचे झाडून दिले आणि न विकता, डोळे पुसत गेली.

भिंगरी मोहिमेवर गेली की तिच्या हॉटेलांचे पत्ते मी तपासायची. हिवाळ्यात दोनदा, मार्चमध्ये एकदा तपासणी झाली. तिन्ही वेळा भिंगरी जागच्या जागी. मे उजाडला. मी कॅलेंडरवर दिवस खोडू लागले.

एकतीस मे, शनिवार. दोन दिवस राहिले होते.

भिंगरी पहाटे चार पन्नासला बाहेर पडली. हलका फेरा, पावणेसहाला परत, हे ठरलेलं. सहा वाजले. मी खुर्चीवरून उठून फाटकापर्यंत जाऊन आले. तिला फोन लावला, तर तो माझ्या मागेच, बिस्किटांच्या डब्यावर वाजला.

सहा वाजून दोन मिनिटांनी घंटा वाजली. तपकिरी कोट. मोठी बॅग. तीच बाई.

"ओळखलंत?" ती म्हणाली.

"ओळखलं. या."

"खेळाडू आहे?"

खोटं बोलायचंच असतं तरी काय बोलणार होते! "नाही. सायकलवर गेलीय. पावणेसहाला यायची होती, अजून आली नाही."

बाईने माझ्याकडे नीट पाहिलं. "मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात बाहेर आहे, तर ती वर होती. आज म्हणताय बाहेर आहे. मग आज मी वर बघून येऊ का?"

"खुशाल बघा."

ती खरोखरच वर जाऊन आली. वर पालथ्या घातलेल्या सात बाटल्यांखेरीज काही नव्हतं. मी चहा पुढे केला. "नियमाने मला काही घेता येत नाही," असं म्हणून तिने बॅगेतून आपला थर्मास काढला आणि टेबलावर एक कोरा फॉर्म ठेवला. "मी सातपर्यंत थांबेन. सात वाजता मला हा भरावा लागेल."

मी मागच्या गल्लीत, तिच्या वडिलांना फोन लावला.

"भिंगरी आली नाही. तपासणीच्या बाई आल्यात."

पलीकडे दिव्याचं बटण खट्कन वाजलं. मग, "कुठल्या रस्त्याने गेलीय?"

मी डायरी उघडली. हलक्या फेऱ्याच्या दिवशी कुठे जाते ते मी रोज लिहिते. "नदीकाठाने, पाण्याच्या टाकीपर्यंत, आणि त्याच रस्त्याने परत."

"हं."

फोन बंद. दहा मिनिटांत खिडकीतून पाहते तो काय, आमचे औषधवाले, वय वर्षं अडुसष्ट, पायजम्यावर स्वेटर चढवून काळ्या सायकलवरून निघालेले. गाडी चालवायला ते कधी शिकले नाहीत. सायकल बरीच वर्षं दुकानामागे उभी होती, पण दर रविवारी ते तिच्या चाकांत हवा भरायचे. कशासाठी ते कोणाला सांगत नसत, आणि विचारलं की म्हणायचे, हवा काय फुकटच असते.

सहा वीस. सहा पस्तीस. बाईचं एक बोट फॉर्मवर. भिंतीवरचं घड्याळ गुपचूप पाच मिनिटं मागे करावं असं मनात आलं, पण बाईच्या मनगटावर दुसरं होतं.

"तुमची मुलगी?" तिने विचारलं.

"भाची."

"चांगली आहे का सायकलमध्ये?"

"चांगली आहे की. त्र्याऐंशीवी येते."

बाईने थर्मासचं झाकण घट्ट केलं, पुन्हा सैल केलं, पुन्हा घट्ट केलं. सहा पंचेचाळीसला तिने माझ्या डब्यातलं एक बिस्किट उचललं आणि खाल्लं. आपण खातोय हे तिच्या ध्यानातच नव्हतं. मीही आठवण केली नाही.

सहा पंचावन्नला कॅरिअरचा खडखडाट ऐकू आला. तो आवाज मी वीस वर्षांपूर्वी ऐकलेला, पण कान विसरत नाहीत. फाटक धाडकन उघडलं. भिंगरी आत आली ती शर्यतीच्या कपड्यांत, डोक्याला हेल्मेट, बुडाखाली औषधांच्या दुकानाची काळी सायकल, आणि पायांत बूट नाहीत, नुसते मोजे. त्या मोज्यांना तळवे उरले नव्हते.

"मामी, किती वाजले?"

"सहा छप्पन्न," मी आणि बाई एकदम म्हणालो. मी लगेच लिहून ठेवलं.

झालं होतं असं. टाकीजवळ पाव पोचवणारी एक बाई सायकल पंक्चर होऊन उभी होती, पावांच्या दोन टोपल्यांसकट. भिंगरीने बघितलं, उतरली आणि आपल्याजवळची एकुलती एक ट्यूब तिच्या चाकात घालून दिली. मापही नीट बसत नव्हतं, कसंबसं बसवलं. परत फिरून तीनशे मीटर आली नाही, तोच तिचं स्वतःचं मागचं चाक फुस्स. घर नऊ किलोमीटर. शर्यतीच्या बुटांना खाली लोखंडी खूर असतात, त्यांत चालता येत नाही. बूट काढून खिशात घातले, सायकल खांद्यावर टाकली आणि निघाली मोज्यांवर. चार किलोमीटर आली तेव्हा समोरून पायजमा दिसला.

"तुला आज, आणि आजच, ट्यूब द्यायची होती?" मी म्हटलं.

"तिच्याकडे ट्यूब नव्हती ना," भिंगरी म्हणाली. तिला दुसरं उत्तर सुचलंच नाही. अकरा वर्षं पंक्चर दिसलं की उतरायचं, हेच केलेलं. हात आपोआप चालले.

आता नमुना द्यायचा. पण नऊ किलोमीटरची धावपळ, अंगातलं पाणी घामावाटे गेलेलं. लघवी होईना. नियम असा, की होईपर्यंत बाईने तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही. म्हणून आम्ही तिघी स्वयंपाकघरात. भिंगरी पाणी पिते, बाई भिंगरीकडे बघते, मी बाईकडे बघते. साडेसात झाले. भिंगरीने चौथी बाटली संपवली.

"दुसऱ्यांना एवढ्या बाटल्या वाहिल्यास, आज तुझ्या वाट्याला आल्या," मी म्हटलं.

आठ वाजून पाच मिनिटांनी दारात औषधवाले उभे. फुस्स झालेल्या चाकाची हलकी सायकल त्यांनी पाच किलोमीटर ढकलत आणली होती. स्वेटर कमरेला बांधलेला, चेहरा टोमॅटोसारखा. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, आणि कोणी काही बोलायच्या आत भिंगरीने विचारलं,

"कितवे?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग गंभीरपणे म्हणाले, "दुसरा."

"एकूण किती?"

"दोन."

"हं," भिंगरी म्हणाली.

बाईने बिस्किटांच्या डब्याकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

औषधवाले खुर्चीवर बसले, चपला काढल्या आणि बराच वेळ आपल्या पायांकडे बघत राहिले. "हेच करतेस का तू? अकरा वर्षं?"

"काय?"

"दुसऱ्याला चाक द्यायचं आणि मग मागून यायचं."

"हेच."

"फोनवर कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही नंबर विचारायचात, बाबा. मी नंबर सांगायची."

त्यांनी कमरेचा स्वेटर सोडून नीट घडी करून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "टाचेला फोड आलाय. जरा मलम लावतो."

"नको, बाबा! आधी यादी बघू दे," भिंगरी घाईघाईने म्हणाली.

"अगं, मला आलाय! माझ्या टाचेला!" औषधवाले ओरडले. "मी माझ्या दुकानातलं मलम मला लावू शकतो की नाही? विचार त्या बाईंना!"

"लावा," बाई डोळे पुसत म्हणाली. "तुमची नोंद आमच्याकडे नाही."

भिंगरी हसायला लागली. हसता हसता एकदम थांबली, उठली आणि म्हणाली, "बाई, चला. लवकर चला."

त्या दोघी पळत न्हाणीघराकडे गेल्या. तीन मिनिटांनी सगळं पार पडलं. बाईने बाटल्यांना मोहर लावली, कोरा फॉर्म बॅगेत परत ठेवला आणि दुसऱ्या फॉर्मवर माझ्यासमोर लिहिलं: खेळाडू पत्त्यावर हजर, सहा छप्पन्न. बिस्किटाचा उल्लेख तिने केला नाही. मी मात्र केला आहे.

भिंगरीने सात जूनची शर्यत पुरी केली. सहाही दिवस. वन्संना टीव्हीवर ती एकदाच दिसली, तीही पाठमोरी, सदऱ्यात बाटल्या कोंबून गर्भारशीसारखी. शेवटच्या संध्याकाळी ठरल्या वेळी फोन आला.

"तुमची ती कर्णधार कितवी?"

"तिसरी."

"मग आपण तिसरे," औषधवाले म्हणाले, आणि या वेळी त्यांनी फोन बंद केला नाही. नदीकाठच्या त्या पाववाल्या बाईंना त्यांनी नंतर दुकानातून चार ट्यूब पाठवल्या. औषधांच्या दुकानात सायकलच्या ट्यूब आल्या कुठून, हे मी विचारलं नाही.

एकतीस मेच्या पानावर वेळा, बाटल्यांची संख्या आणि बिस्किटाची नोंद आहे. सगळ्यांत शेवटी, संध्याकाळी लिहिलेलं एवढंच आहे:

दारावरची पितळी घंटा लिंबू-मिठाने घासली. भिंगरीचे फाटके मोजे त्या कामी आले.